“आई, हे घासलं तर जाईल ना?”

पत्र : माझी मुलगी मृण्मयी साडेपाच वर्षांची आहे. आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो, ती इथल्या सरकारी शाळेत किंडरगार्टनला आहे. गेल्या महिन्यात आंघोळ करताना ती हातावर साबण चोळत बसली होती. मला वाटलं मार्करचा डाग असेल. तर म्हणाली, “आई, हे घासलं तर जाईल ना?” खोदून विचारल्यावर कळलं, वर्गातली एक मुलगी तिला म्हणाली होती की तुझा रंग शीसारखा आहे. शाळेत स्वतःचं चित्र काढायला सांगितलं तेव्हा तिने चेहरा पीच रंगाने आणि केस पिवळे रंगवले. टीचर तिला ‘मिया’ म्हणतात, मृण्मयी म्हणायला जमत नाही म्हणून. आणि जे लिहायची मला जास्त लाज वाटते ते हे, की वर्गातल्या एका कृष्णवर्णीय मुलाशेजारी बसायला ती नाही म्हणते. “तो बॅड आहे, टीचर त्यालाच ओरडते,” असं तिचं म्हणणं. सासूबाई साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आल्या आहेत. नातीवर जीव आहे त्यांचा, पण “उन्हात खेळू नको, काळी होशील” हे दिवसातून चारदा, आणि रविवारी रंग उजळावा म्हणून साय-बेसन. नवरा म्हणतो, एवढ्याशा पोरांना रंग-बिंग काही कळत नाही, तू बोललीस तर उगाच तिच्या डोक्यात भरेल. मी बोलू की गप्प बसू? शाळा बदलू का?
— मृण्मयीची आई

उत्तर :

नमस्कार मृण्मयीच्या आई,

बोला. आजच बोला, आणि शाळा बदलायचा विचार तूर्त बाजूला ठेवा.

पत्रात तुम्ही दोन गोष्टी वेगवेगळ्या लिहिल्या आहेत, आंघोळीतला साबण एकीकडे आणि त्या मुलाशेजारी न बसणं दुसरीकडे. पहिलीचं तुम्हाला दुःख आहे, दुसरीची लाज. पण मुलीच्या डोक्यात त्या एकच आहेत. गोरं वर, काळं खाली अशी एक शिडी तिला दिसली आहे. त्या शिडीवर तिला स्वतःला वर चढायचंय आणि तो मुलगा तिच्या खालच्या पायरीवर आहे. नुसतं “तू किती छान दिसतेस गं” म्हटल्याने ती शिडी हलणार नाही. आणि स्पष्टच सांगायचं तर शिडीचा एक पाय शाळेत असला तरी दुसरा तुमच्या घरात टेकलेला आहे.

आधी तुमच्या यजमानांच्या शंकेचं बघू, कारण ते तयार झाले नाहीत तर पुढचं काहीच होणार नाही. मुलांना रंग कळत नाही हा समज मोठ्यांच्या सोयीचा आहे. नुकत्याच जन्मलेल्या बाळाला कुठल्याही वंशाचा चेहरा सारखाच असतो. तीन महिन्यांचं होईतो ते आपल्या माणसांसारख्या चेहऱ्यांकडे जास्त वेळ बघायला लागतं. मात्र इस्रायलमध्ये इथिओपियाहून आलेल्या कुटुंबांतल्या बाळांभोवती काळे-गोरे दोन्ही चेहरे होते, तिथे असा कल दिसला नाही. म्हणजे हा तिटकारा नव्हे, ओळखीचा परिणाम आहे. तीन-चार वर्षांचं मूल माणसांचे गट पाडायला लागतं, जसं ते बटणांचे आणि गाड्यांचे पाडतं. गटांचा अर्थ मात्र ते आपल्याकडून उचलतं.

हे उचलणं किती सहज होतं, ते एका साध्या प्रयोगात दिसलं. तीन ते पाच वर्षांच्या मुलांना तीन आठवडे लाल किंवा निळे टी-शर्ट घालायला दिले. काही वर्गांत शिक्षकांनी रंगाचा उच्चारही केला नाही. काही वर्गांत मात्र “लाल मुलांनो, इकडे रांग करा”, “निळ्यांनो, सुप्रभात” असं रोज चाललं. लाल चांगले, निळे वाईट असं कुणीच म्हटलं नव्हतं. तरी या दुसऱ्या वर्गांतली मुलं आपल्या रंगाच्या गटाला जास्त पसंती द्यायला लागली. आता तुमच्या घरात रंगाचा उल्लेख दिवसातून चारदा होतो, तोही धमकी म्हणून. तेव्हा यजमानांना सांगा, तिच्या डोक्यात भरायचं काम कधीच सुरू झालंय. आता फक्त त्यात आपलं म्हणणं जायचं बाकी आहे.

त्यांना आणखी एक गोष्ट जरूर सांगा. १९४० च्या दशकात केनेथ आणि मेमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने तीन ते सात वर्षांच्या २५३ कृष्णवर्णीय मुलांसमोर बाहुल्या ठेवल्या. रंग सोडला तर सगळ्या सारख्या. “खेळायला कुठली हवी?” या प्रश्नाला दोन-तृतीयांश मुलांनी गोरी बाहुली उचलली. “वाईट दिसते ती कुठली?” याला निम्म्याहून जास्त मुलांनी तपकिरी बाहुली दाखवली. शेवटी विचारलं, “तुझ्यासारखी कुठली?” तिथे काही मुलं रडली, काही उठून गेली. १९५४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांतला वर्णभेद घटनाबाह्य ठरवला, त्या निकालाच्या तळटीपेत या कामाचा उल्लेख आहे. मृण्मयीने काढलेलं पीच चेहऱ्याचं चित्र त्याच शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आहे.

साबणाच्या प्रश्नाला काय म्हणायचं

पुन्हा विचारेल तेव्हा घाईने समजूत काढू नका. तोंडावर येणारी तीन उत्तरं गिळा. “छे, तू कुठे काळी आहेस, गव्हाळ आहेस!” म्हणजे काळं असणं वाईटच, फक्त तू थोडक्यात वाचलीस. “असं बोलायचं नाही” म्हणजे हा विषय घाणेरडा आहे. आणि “आतून सगळे सारखेच असतात”, हे खरं असलं तरी तिने आतलं विचारलेलंच नाही, बाहेरचं विचारलंय.

त्याऐवजी असं काही, तुमच्या बोलीत: “नाही, हे घासून जात नाही. हा मळ नाही, हा तुझा रंग आहे. आपल्या कातडीत रंग बनवणाऱ्या अगदी बारीक बारीक पेशी असतात. सगळ्या माणसांकडे असतात. काहींच्या खूप रंग बनवतात, काहींच्या थोडा. तुझ्या किती बनवतात ते आई, बाबा, आजी-आजोबा यांच्याकडून आलंय. ती मुलगी जे म्हणाली ते चुकीचं होतं, आणि ऐकून तुला वाईट वाटलं ते बरोबर आहे. मी टीचरशी बोलणार आहे.”

इतकंच. साडेपाच वर्षांच्या मुलीला एका वेळी दोन मिनिटं पुरतात. नंतर ती बादलीत तांब्या बुडवायला लागली तर लागू द्या, तिने ऐकलेलं असतं. बहुतेक पालक इथेच चुकतात. एकदाच अर्ध्या तासाचं भाषण होतं, मूल गोंधळतं आणि आई-बाबा विषय संपला म्हणून मोकळे होतात. हा विषय वर्षभर, दोन-दोन मिनिटांनी चालायचा आहे.

आणि तिच्या हाती एक उत्तर द्या, कारण पुढच्या वेळी तुम्ही तिथे नसाल. इंग्रजीतच द्या, छोटं: “डोन्ट से दॅट. धिस इज माय स्किन. आय लाइक इट.” घरी बाहुल्यांच्या तोंडून पाच-सहा वेळा म्हणून घ्या. उलट चिडवायला शिकवू नका. “तूच पांढरी पाल” शिकवलं तर शिडी तशीच राहते, फक्त उलटी होते.

रंग कालवा

हे एका शनिवारी करा, आजीला घेऊन. धुतले जाणारे टेम्पेरा (पोस्टर) रंग आणा, पिवळा, लाल, निळा, पांढरा. काळा आणू नका. प्रत्येकासाठी एक वाटी.

आधी तीन चमचे पिवळ्यात दोन चमचे लाल घालून गडद नारिंगी करा. मग निळा, पण चमच्याने नाही, ब्रशच्या टोकाने. एक टोक, ढवळा. आणखी एक टोक, ढवळा. चार-पाच टोकांत नारिंगी अचानक तपकिरी होतं. तो क्षण मुलांना फार आवडतो, घाई करून तो घालवू नका. निळा जास्त झाला तर रंग राखेसारखा किंवा हिरवट होतो, तेव्हा थोडं नारिंगी परत घाला. काळा न वापरायचं कारणही हेच, पिवळ्यात काळा पडला की शेवाळी रंग येतो आणि मूल म्हणतं, “ई, माझा रंग घाण झाला.” नेमकं हे ऐकायचं नाहीये.

आता या तपकिरीपासून प्रत्येकाने आपल्या रंगाकडे जायचं, पिवळा किंवा पांढरा थेंब-थेंब घालत. सुरुवात तपकिरीपासूनच करा. पांढऱ्यापासून सुरू केलं तर बाकी सगळे रंग म्हणजे पांढऱ्यात काहीतरी मिसळून बिघडलेले, असं न बोलता शिकवलं जातं. मनगटाच्या आतल्या बाजूला एक ठिपका लावा, वाळू द्या, मग जुळतो का बघा. ओला रंग फसवतो. नंतर दंडाशी जुळवून बघा, तळहाताशी बघा. एकाच माणसाच्या अंगावर तीन-चार रंग सापडतात, बाबाच्या घड्याळाखालचा पट्टा तर वेगळाच निघतो.

आपल्या रंगाला नाव ज्याचं त्याने द्यायचं. गूळ, दालचिनी, चहा, पावसात भिजलेली माती, काहीही. मृण्मयी म्हणजे मातीची घडलेली, हे तिला सांगायला याहून चांगली वेळ मिळणार नाही. दुसऱ्याच्या कातडीला खाण्याचं नाव आपण द्यायचं नाही एवढं मात्र शिकवा. इथल्या अनेक कृष्णवर्णीय कुटुंबांना ‘चॉकलेट’ वगैरे म्हटलेलं आवडत नाही. वाट्या मांडताना फिक्यापासून गडदपर्यंत ओळीत लावू नका, गोल मांडा. ओळ लावली की पुन्हा शिडी.

रंगपेटीचंही सांगायला हवं. ज्या पीच खडूने तिने चेहरा रंगवला, त्याला क्रेयोला कंपनी १९६२ पर्यंत ‘फ्लेश’, म्हणजे कातडीचा रंग, म्हणत होती. आपल्याकडे अजूनही पोरं तोच खडू ‘स्किन कलर’ म्हणून मागतात. २०२० साली त्याच कंपनीने कातडीच्या २४ छटांची पेटी काढली. एक घरी आणा, एक वर्गाला भेट द्या. तिचं चित्र मात्र फाडू नका, सुधारून घेऊ नका. “हे छान आहे, आता कालवलेल्या रंगाने आणखी एक काढूया का?” एवढंच. नाही म्हणाली तर सोडा, पुढच्या आठवड्यात विचारा.

सासूबाईंशी कोणी बोलायचं

तुमच्या यजमानांनी. त्यांच्या आईशी, मुलगी झोपल्यावर, बंद दाराआड. तुम्ही बोललात तर ते सासू-सुनेचं होईल आणि मूळ मुद्दा हरवेल. आणि “आई, तू वर्णभेद करतेस” अशी सुरुवात करू नये. त्यांनी स्वतः हेच ऐकलं असेल, ‘रंग जरा दबका आहे’ म्हणून स्थळं परत गेलेली त्यांनी पाहिली असतील. नातीला तो त्रास नको, या मायेपोटीच साय-बेसन चाललंय. साबणाची गोष्ट त्यांना जशी घडली तशी सांगा. बहुतेक आज्यांना तेवढी पुरते.

मग सवयी बदलायला मदत करा. नुसतं “म्हणू नका” म्हटलं तर रोज टोकावं लागेल, म्हणून जुन्या वाक्याच्या जागी नवं वाक्य द्या. “काळी होशील” ऐवजी “ऊन लागेल, टोपी घाल”. हे खरंही आहे, गडद कातडीही उन्हाने भाजते. “रंग उजळला” ऐवजी “तरतरीत दिसतेस आज”. साय-बेसनाचा हट्टच असेल तर “अंग मऊ होतं” म्हणून महिन्यातून एकदा, दिवाळीच्या उटण्यासारखं, आणि अजिबात खसखसून न चोळता. लहान मुलांच्या कातडीला त्याने पुरळ येऊ शकतो. गोरं करणारं कुठलंही क्रीम बॅगेत आलं असेल तर ते मात्र सरळ टाकून द्या. अशा कित्येक क्रीममध्ये पारा किंवा स्टेरॉइड सापडलेलं आहे, मुलांच्या अंगाला ते लागता कामा नये.

फोनवरचंही बघा. व्हिडिओ कॉलवर आत्या विचारते, “अमेरिकेच्या हवेत रंग खुलला का गं तिचा?” आणि कॅमेऱ्याचा ब्यूटी फिल्टर चेहरा दोन छटा उजळ करून दाखवत असतो. फिल्टर बंद करा. इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात लग्नाच्या मुलींविषयी ‘गोरीपान, सडपातळ’ चालतं तेव्हा मुलं पायाशीच खेळत असतात. आणि हो, विठोबा सावळा आहे, संक्रांतीची चंद्रकळा काळी आहे, शेतकरी जमिनीला काळी आई म्हणतो. हे तिला आजीकडून कळू द्या, पण सहज, गोष्टीत. “बघ, देवसुद्धा काळा आहे” असं समजूत म्हणून वापरलं की मुलांना त्यातला केविलवाणेपणा लगेच कळतो.

तो मुलगा

पत्रातले हे तीन शब्द आम्हाला सगळ्यात महत्त्वाचे वाटले. “टीचर त्यालाच ओरडते.” तुमच्या मुलीने निरीक्षण अचूक केलंय, निष्कर्ष चुकीचा काढलाय.

२०१६ मध्ये येल विद्यापीठाच्या संशोधकांनी बालवाडी-शिक्षकांना चार मुलांचा व्हिडिओ दाखवला. एक कृष्णवर्णीय मुलगा, एक कृष्णवर्णीय मुलगी, एक गोरा मुलगा, एक गोरी मुलगी. शिक्षकांना सांगितलं, गडबड होण्याआधीची चिन्हं शोधा. व्हिडिओत गडबड नव्हतीच. यंत्राने त्यांच्या नजरा मोजल्या. सगळ्यात जास्त वेळ त्या कृष्णवर्णीय मुलावर खिळल्या होत्या, आणि असं बघणाऱ्यांत कृष्णवर्णीय शिक्षकही होते. ज्याच्याकडे सतत बघाल, त्याचीच चूक दिसेल. अमेरिकेच्या शिक्षण खात्याच्या २०१३-१४ च्या आकडेवारीत सरकारी बालवाड्यांतल्या मुलांपैकी १९ टक्के कृष्णवर्णीय होती, पण शाळेतून काही काळासाठी घरी पाठवलेल्यांत त्यांचा वाटा ४७ टक्के होता. चार वर्षांची मुलं ही. बाकीचा वर्ग रोज बघतो कुणाला ओरडा बसतो ते, आणि त्यावरून कोण ‘बॅड’ हे ठरवतो.

त्यात तुमच्या घरची भर पडते. मराठीत आपण त्वचेलाही ‘काळा’ म्हणतो आणि त्या लोकांनाही ‘काळे’. आजी “काळी होशील” असं भीती घालायला म्हणते आणि गाडीत बाबा “हा काळ्यांचा एरिया आहे, काच वर घे” म्हणतात, तेव्हा मूल दोन्ही वाक्यं एकाच कप्प्यात ठेवतं. तुमच्या घरात नेमकं असं बोलतात की नाही हे आम्हाला माहीत नाही. पण इथल्या बऱ्याच देशी घरांत, मित्रांच्या बैठकीत, यापेक्षा वाईट शब्द सर्रास चालतात आणि मुलांना ते समजत नाहीत असं धरलं जातं. आठवडाभर स्वतःचं बोलणं ऐका.

मुलीशी बोलताना “ब्लॅक लोकसुद्धा चांगले असतात” म्हणू नका. त्या ‘सुद्धा’त सगळं येतं. माणूस आणि वागणं वेगळं काढायला मदत करा. “तो बॅड आहे” म्हणाली की विचारा, “त्याने काय केलं?” “उठून पळाला.” “आणखी कोण उठलं होतं?” इथे मुलं थोडा वेळ थांबतात आणि दोन-तीन नावं सांगतात. “मग टीचर कुणाला ओरडली? हे बरोबर झालं का?” टीचरला वाईट ठरवायची गरज नाही. “टीचरचं कधी कधी लक्षात येत नाही” इतकं पुरे. त्याचं नाव विचारा आणि घरात नावानेच बोला. ‘तो मुलगा’ जोवर आहे, तोवर तो मित्र होणार नाही.

मग शाळा सुटताना त्याच्या आईवडिलांना हॅलो म्हणा. दोन-तीन आठवड्यांनी, ओळख वाढली तर, बागेत एक तास खेळायला बोलवा. एकच तास, घसरगुंडी किंवा चेंडू, दोन्ही घरची मोठी माणसं तिथेच. घरी बोलावून चार तास ठेवलं तर तिसऱ्या तासाला कुठल्याही दोन मुलांचं भांडण होतं आणि तेच लक्षात राहतं. मुलीला ‘आज आपण काहीतरी शिकायला जातोय’ असा वास येऊ देऊ नका. त्या मुलाला तुमचा धडा करणं हाही अन्यायच.

पुस्तकांचं कपाट मोजा. विस्कॉन्सिन विद्यापीठातलं केंद्र दरवर्षी मुलांच्या पुस्तकांची मोजणी करतं. २०१८ साली निम्म्या पुस्तकांत मुख्य पात्र गोरं होतं, २७ टक्क्यांत प्राणी किंवा वस्तू, १० टक्क्यांत कृष्णवर्णीय, ७ टक्क्यांत आशियाई. सशा-अस्वलांना जेवढी जागा मिळते तेवढी बाकीच्या सगळ्या मुलांना मिळून मिळत नाही. वाचनालयातून दर वेळी पाच पुस्तकं आणत असाल तर दोन अशी निवडा ज्यांत सावळी किंवा कृष्णवर्णीय मुलं साध्याशा गोष्टी करतात, दात पडतो, कुत्रा हरवतो, बर्फ पडतो. फक्त गुलामगिरीची आणि सोसण्याची पुस्तकं वाचली तर ‘बिच्चारे’ एवढंच शिकायला मिळतं.

यजमानांसाठी एक गोष्ट. सासूबाई साताऱ्याच्या, आणि महात्मा फुल्यांचं मूळ गाव कटगुण त्याच जिल्ह्यातलं. १८७३ साली त्यांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या लोकांना, कृष्णवर्णीयांना दास्यातून सोडवण्यासाठी ज्यांनी निरपेक्षपणे झीज सोसली त्यांना. दीडशे वर्षांपूर्वी पुण्यात बसलेल्या माणसाला जात आणि वर्ण यांची मुळं एकाच ठिकाणी दिसत होती. भारतीयांना वर्षाला जेमतेम शंभर जागा देणारा अमेरिकी कायदा बदलला तो १९६५ साली, नागरी हक्कांच्या चळवळीने देश हलवल्यावर. एडिसनमधलं आपलं घर त्या उघडलेल्या दारातून आलंय. आणि नवी मंडळी भेटली की “आडनाव काय? कुठले तुम्ही?” अशी जी चाचपणी मंडळात होते, तीही मुलं ऐकतात. उत्तर प्रदेशात सहावी-सातवीच्या मुलांना भूलभुलैयाची कोडी दिली होती. जात माहीत नव्हती तोवर दलित मुलं सवर्णांच्या बरोबरीने सोडवत होती. सगळ्यांसमोर जात पुकारल्यावर त्यांची कोडी कमी सुटली. त्यांची बुद्धी तीच होती.

शाळेत

आधी लिहून ठेवा. तारीख, कुठे, कोण काय म्हणालं (शब्द जसेच्या तसे), कुणी ऐकलं, मुलीवर काय परिणाम झाला. एका घटनेला चार ओळी. आठवणीवर बोलाल तर बैठक ‘तुम्हाला असं वाटतं’वर संपते.

मग टीचरला ईमेल, छोटा. काय घडलं, त्याचा घरी काय परिणाम दिसला, आणि पंधरा मिनिटं भेटायला कधी येऊ. भेटीत तीन नेमक्या मागण्या ठेवा: असं वाक्य पुन्हा ऐकू आलं तर वर्गात त्याच क्षणी काय म्हटलं जाईल, कातडीच्या छटांचे खडू वर्गात ठेवता येतील का, आणि नाव. त्या दुसऱ्या मुलीला शिक्षा मागू नका. तीही पाच वर्षांचीच आहे आणि तिनेही ते कुठूनतरी उचललंय. त्या मुलाबद्दल, दुसऱ्याच्या मुलाविषयी शाळा तुमच्याशी बोलणार नाही आणि बोलूही नये. पण “माझ्या मुलीला वाटतं वर्गात एकालाच ओरडा बसतो, हे मला काळजीचं वाटतं” असं आपल्या मुलीच्या बाजूने म्हणता येतं. म्हणा.

पहिल्याच वाक्यासाठी कायद्यापर्यंत जायला नको. पण तेच पुन्हा घडलं, कुणी अंगाला हात लावला, किंवा मोठं माणूस त्यात असेल, तर न्यू जर्सीचा २०११ पासूनचा छळविरोधी कायदा वापरा. त्यात वंश, वर्ण, मूळ देश यांवरून होणारा त्रास स्पष्ट येतो. प्रत्येक शाळेत त्यासाठी नेमलेली व्यक्ती असते. तक्रार लेखी द्या. ती मिळाल्यावर मुख्याध्यापकांना शाळेच्या एका दिवसात चौकशी सुरू करावी लागते आणि शाळेच्या दहा दिवसांत ती संपवावी लागते. याशिवाय १९६४ च्या नागरी हक्क कायद्याखाली केंद्रीय शिक्षण खात्याकडे घटनेपासून १८० दिवसांत तक्रार करता येते. म्हणून तारखा हव्यात.

आणखी एक धागा हाताशी आहे. आशियाई-अमेरिकन इतिहास बालवर्गापासून बारावीपर्यंत शिकवायचा कायदा न्यू जर्सीने जानेवारी २०२२ मध्ये केला. किंडरगार्टनमध्ये यंदा त्याखाली काय करताय, हा प्रश्न विचारायचा तुम्हाला हक्क आहे. उत्तर ‘दिवाळीला दिवे रंगवतो’ एवढंच आलं तर वर्षभरासाठी दोन-चार गोष्टी सुचवा.

शाळा बदलायची वेळ येते ती टीचर आणि मुख्याध्यापक दोघांनीही लेखी तक्रारीनंतर ‘मुलं असंच बोलतात’ म्हणून हात झटकले तर. आपल्यासारखीच मुलं असलेल्या वर्गात हलवलं की प्रश्न मिटेल असं वाटतं, पण तिथे काळी-गोरी मराठीत आणि हिंदीत होते, एवढाच फरक. ती कातडी लाल होईपर्यंत घासायला लागली, शाळेच्या नावाने रोज पोट दुखायला लागलं, बंद झालेलं अंथरूण ओलं होणं परत सुरू झालं आणि हे दोन-तीन आठवडे टिकलं, तर मुलांच्या डॉक्टरांना सांगा आणि मुलांच्या मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. डब्यात पोळी-भाजी नको म्हणत असेल तर या महिन्यात त्यावर भांडू नका. आवडत्या दोन गोष्टी तिला निवडू द्या, संध्याकाळी घरी सगळ्यांनी एकत्र भाकरी खा.

नावाचं शेवटी लिहितो, पण करा सगळ्यात आधी. ‘मिया’ या सोमवारपासून बंद. टीचरला तीन तुकड्यांत लिहून द्या, मृण्, म, यी. ‘ऋ’ त्यांना जमणार नाही, ‘म्रिन’ म्हटलं तरी चालेल. सोबत फोनवर दहा सेकंदांचं रेकॉर्डिंग पाठवा, नाव तीनदा, सावकाश. ते आजीच्या आवाजात करा. आणि टीचर चुकल्या तर “माय नेम इज मृण्मयी” म्हणायचं, हे मुलीकडून घरी घोटून घ्या. एकदा चुकल्या तर एकदा, दहादा चुकल्या तर दहादा.